वार्ड चार, एकोणीसवा दिवस

रश्मी: ती ओळ खोड, अपेक्षा. लाइव्ह जायला दहा मिनिटं राहिलीत.

अपेक्षा: काहून खोडू, रश्मीताई? अक्षर खराब हाय काय?

रश्मी: अक्षर झकास आहे. ओळच नको. "वार्ड चार, साडेसहा ते सात, अठरा दिवस नळ आले नाहीत, आज एकोणीसवा दिवस." हे तू रेडिओ पांढरीवरून बावीस गावांना ऐकवणार?

अपेक्षा: हौ ना! अन् माईक जरा वर ठेवजा.

रश्मी: वर ठेवजा म्हणे. अगं, आपलं एवढुसं गावचं केंद्र. बातम्या द्यायची आपल्याला परवानगीच नाही. लायसनच तसं आहे.

अपेक्षा: बातम्या नाई, पन सूचना? तुमीच तं चिकटवला ना तो तक्ता दाराच्या मांगं! वाचू? हवामान चालते, परीक्षा चालते, जत्रा चालते, लाइट चालते, पानी चालते. पानी, रश्मीताई! पाचव्या नंबरवर! "वार्ड चारचं पानी कोनं पळवलं" म्हटलं तं बातमी. "आलं नाई" म्हटलं तं सूचना. काल शाळेत गणिताच्या तासाले बसल्या बसल्या काढलं मी हे.

रश्मी: तरीच सहामाहीला गणितात बेचाळीस.

अपेक्षा: अठ्ठेचाळीस!

रश्मी: बरं, अठ्ठेचाळीस. पण रोज वाचतेस तेच वाच ना. ग्रामपंचायतीनं छापून दिलेलं वेळापत्रक. दीड वर्ष चाललाय आपला ‘नळ आले व!’ लोकांना आवडतो.

अपेक्षा: आवडते, तेच तं वाटोळं झालं!

रश्मी: म्हणजे?

अपेक्षा: काल तुमी अकोल्याले मीटिंगले होत्या. माह्यं रेकॉर्डिंग लावून गेल्या होत्या. म्हणून मी पह्यल्यांदा साडेसहाले घरी. नाहीतं मी सहालेच निघते, इथून सरळ शाळेत. संध्याकाळी घरी जावं तं रांजण भरेल. मले वाटे, नळाचंच पानी.

रश्मी: बरं मग?

अपेक्षा: मंग काय, काल आजीसंगं पान्याचा गुंड घेऊन नळावर गेली. तथी चौदा-पंधरा बाया. कोनाच्या तरी मोबाइलवर आपला रेडिओ. अन् माह्याच आवाजात, एकदम खुशीत: "नळ आले व! वार्ड चार, साडेसहा ते सात, भरून घ्या लवकर!" अन् समोर नळ कोरडा ठाक, ताई. फुसफुस बी नाई. मले असं झालं का भुईत गडप व्हावं.

रश्मी: एखाद दिवस होतं गं तसं.

अपेक्षा: अठरा दिवस! पाच तारखेपासून. शेजारच्या जाईबाईची तं शेतावर जायची गाडी तीन खेपा सुटली त्या नळापायी. अन् पानी कुठून आणतात? भांडे धुयाले खाऱ्या विहिरीवरून, अन् प्यायचं शाळेच्या टाकीवरून. आजी दुपारच्या उन्हात डोक्यावर आणून माह्यं रांजण भरते. त्या खाऱ्या पान्यात तुरीची डाळ बी शिजत नाई, तुमाले माहीत हाय.

रश्मी: माहीत आहे. पण तुझी आजी, पंचफुलाबाई, तुला बोलल्या कशा नाहीत इतके दिवस?

अपेक्षा: इचारलं ना मी. म्हणे, "तू एवढ्या हौसेनं सांगतं, अप्पू. साऱ्या वार्डाले ऐकवतं. तुह्या तोंडाले खोटं कसं पाडू?" अन् बाकीच्या बाया म्हणतात, आपली पोरगी रेडिओत सांगते म्हंजे येतच असन, आपल्यालेच उशीर होते. आमी पाच मिनिटं आंधी येऊ. मंग दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आंधी येतात! आता सांगा, खोडू ओळ?

रश्मी: ...मी कागदाशी पडताळलं होतं गं रोज.

अपेक्षा: मी बी कागदच वाचला. नळ कोनी पाह्यला?

नत्थुजी: कोनता नळ? जिन्यापर्यंत ऐकू येऊन रायली तुमची पंचाईत.

रश्मी: या, नत्थुजीभाऊ. इतक्या सकाळी?

नत्थुजी: गोदाम माह्यं, गोदामावरची खोली माही, तुमच्या रेडिओचा खांबा बी माह्याच स्लॅबवर उभा. मले येयाले टाइम लागते काय, मॅडम?

अपेक्षा: जय भीम, काकाजी.

नत्थुजी: रामराम. तूच काय व बुधाजीची नात? काल सांजी तू वार्डात घरोघर फिरून नळाच्या तारखा इचारत होती म्हणे.

अपेक्षा: हौ. एकतीस घरं केली. तुमच्यापर्यंत आलं बी! पानी नाई पोचत, पन गोष्ट पोचते.

रश्मी: अपेक्षा!

नत्थुजी: बोलू द्या. जबान तं चांगली चालते पोरीची. हे पाय, पाइप तुमच्या वार्डात सरतो. शेवटाले दाब कमी पडते. आमी काय पानी अडवून ठेवलं काय? उलटं, कागदावर पह्यला नंबर तुमचाच देल्ला. साडेसहा. आमचा वार्ड मांगून.

अपेक्षा: कागदावर, हौ.

नत्थुजी: सून माही सरपंच हाय. दोन वर्षं झाले नाई तिले खुर्चीवर बसून. अन् तू बावीस गावांत तिचं नाव खराब करशीन?

अपेक्षा: पौर्णिमाताईचं नाव कुठं हाय याच्यात? हा घ्या कागद, वाचा. कोनाचंच नाव नाई. तिकडच्या वार्डात कोनाकोनाकडं पानी ओढून घ्यायले टिल्लू पंप लावले हायेत नळाले, थे बी मले माहीत हाय. एका घरी तं दोन हायेत. पन थे मी वाचत नाई. थे बातमी होते. आमच्या रेडिओले बातमीची परवानगी नाई!

नत्थुजी: मॅडम, हे तुमी शिकवता काय पोराइले?

रश्मी: नाही भाऊ. हे तिचं तिनंच काढलंय.

नत्थुजी: मंग मले एक सांग, पोरी. अठरा दिवस तूच वाचत होती ना, वार्ड चार साडेसहा ते सात? हसत हसत? साऱ्याइनं ऐकलं. तवा खोटं होतं अन् आज खरं? तुह्यावर कोन इस्वास ठेवन?

रश्मी: तीन मिनिटं.

नत्थुजी: सांग, कोन ठेवन इस्वास?

अपेक्षा: बरोबर बोलले तुमी. तवा मी खोटं बोलली. पाहलं नाई अन् बोलली. थे बी वाचणार हाय, पह्यले थेच. रश्मीताई, पेन द्या. वर लिहिते.

नत्थुजी: अशानं खोली नाई ठेवत मी. खाली जाऊन खटका पाडतो. मंग वाचत बस अंधारात.

अपेक्षा: पाडा ना! मंग लाइटची सूचना बी देता येते. चौथ्या नंबरवर हाय.

नत्थुजी: मॅडम, आवरा हिले. मी चाललो खाली.

रश्मी: नत्थुजीभाऊ.

नत्थुजी: काय?

रश्मी: खाली जायची गरज नाही. इन्व्हर्टर आहे. बॅटरी चाळीस मिनिटं चालते. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा आहे.

अपेक्षा: ताई!

रश्मी: तू हसू नकोस. हेडफोन घाल. त्या वेळापत्रकाखाली रोज मीसुद्धा सही केली आहे, भाऊ, "तपासले" म्हणून. काय तपासलं मी? बसायचं तर त्या खुर्चीवर बसा, जायचं तर दार हळू लावा. आणि अपेक्षा, सावकाश वाच. आकड्यावर थांब. पाच, चार, तीन...

(लाल दिवा लागतो.)

अपेक्षा: नळ आले व! रेडिओ पांढरी, नव्वद दशांश चार. साडेसहा वाजले, मी अपेक्षा. आज पह्यले एक चूक सांगायची हाय. माही चूक. पाच तारखेपासून कालपर्यंत मी रोज सांगतलं का वार्ड चारले साडेसहा ते सात नळ येतात. मी कागद पाहून सांगतलं, नळ पाहून नाई. ज्या मायबाया माह्या आवाजावर भरोसा ठेवून गुंड घेऊन उभ्या रायल्या, ज्याइची कामाची गाडी सुटली, त्याइची मी माफी मागते. तुमी लेट नव्हत्या झाल्या. नळच आले नव्हते. आता आजच्या सूचना. वार्ड चार, साडेसहा ते सात. अठरा दिवस नळ आले नाहीत. आज एकोणीसवा दिवस. वार्ड एक...

नत्थुजी: बंद कर म्हणतो ना मी!

अपेक्षा: काकाजी, लाल दिवा हाय. तुमी बोललं तं तेबी हवेत जाते. आत्ताच गेलं. तं वार्ड एक, सात ते साडेसात. वार्ड दोन अन् तीन, साडेसात ते आठ. एक इनंती. हे मी कागदावरून वाचलं. तुमच्याकडं आले का नाई, थे तुमीच नळ पाहून आमाले फोन करा. बाया, पोरं, कोनीबी. अन् आता... रश्मीताई खुणा करून रायल्या. फोन आला. रेडिओ पांढरी, नमस्कार! कोन बोलते?

अपेक्षा: ...सरपंचताई? पौर्णिमाताई, तुमी? हौ, मीच. ...हौ, ऐकू येते. साऱ्यालेच ऐकू येते, तुमी लाइव्ह हा. ...हौ, आज एकोणीसवा. पाच तारखेपासून मोजले. ...नाई, तुमच्या रजिस्टरात तसंच लिहेल असन. "पाणी सोडले." कालचं बी? ...हौ. अन् परवाचं बी. ...सही तुमचीच हाय? ...मंग आपण दोघीबी सारख्याच, ताई. मी वाचलं, तुमी सही केली.

नत्थुजी: (खुर्ची ओढून बसतो.)

अपेक्षा: ...हौ, हायेत ना. अथीच, माह्या समोर. मामाजी बसले हायेत तुमचे. देऊ काय फोन? ...नको? बरं.

अपेक्षा: ...कोनाले इचारता? व्हॉल्व्हवाल्याले? थो सांगन, सोडलं म्हणून. थो खोटं नाई बोलत, थो सोडतेच. ...नाई ताई, रजिस्टर नका पाहू. त्या कागदानंच मले फसवलं. तुमचं घर चौकात, आमचा नळ बुद्धविहाराच्या मांगं. किती लागन, सात-आठ मिनिटं? आत्ता सहा एकेचाळीस झाले. कागदावर आत्ता आमचंच पानी चालू हाय. ...हौ, आत्ता. ...कधी आल्या होत्या शेवटच्या? ...इलेक्शनले. बरं. रस्ता तोच हाय.

रश्मी: वेळ संपत आला, अपेक्षा. गाणं लावू?

अपेक्षा: नका लावू, ताई. पौर्णिमाताई, तुमी फोन कापू नका. चालूच ठेवा हातात. मी बोलत नाई. कोनीच बोलत नाई. तुमी नळापाशी पोचून तोटी फिरवा अन् काय होते थे तुमीच सांगा. मी सांगतलं तं लोक म्हणतीन, पोरीनं कायबी सांगतलं. ...हौ. मी हाय अथीच.

नत्थुजी: ठेव तो फोन. माही सून नाई जात. मले इचारल्याबिगर ते उंबरठ्याबाहीर...

रश्मी: भाऊ, हळू. तिच्या फोनचा आवाज मी वर घेतलाय.

नत्थुजी: कोनाचा? बोलून तं कोनीच नाई रायलं.

अपेक्षा: श्श, काकाजी. आयका. चपलांचा आवाज येऊन रायला.