खोली अजून कागदावरच आहे

बांधकाम परवान्याच्या खिडकीत आज नवी मुलगी बसली होती. रांगेतले निवृत्त मास्तर आपलं वाक्य मनात घोकत उभे होते. त्यांच्या पुढे एक जोडपं होतं.

“गच्चीवर खोली बांधायची आहे,” नवरा म्हणाला.

“काम सुरू केलंय का?”

“छे हो! परवाना हातात आल्याशिवाय एक वीट रचणार नाही.”

“अहो, मग काल माझी आई झोपली कुठे?” बायकोने विचारलं.

“तू जरा गप्प बस ना!”

“का म्हणून? पंखासुद्धा लावलाय हो ताई. मेला नुसता घरघर करतो.”

“ताई, हिचं मनावर घेऊ नका. खोली अजून कागदावरच आहे.”

“जागा बघायला आमचे साहेब येतील.”

“येऊ द्या की! वरच्या खोलीतच बसवू त्यांना. खाली फार उकडतं,” बायको म्हणाली.

“झालेल्या बांधकामाची खिडकी शेजारी आहे,” मुलगी म्हणाली. जोडपं भांडत तिकडे गेलं.

मास्तर पुढे सरकले.

“न्हाणीघर बांधायचं आहे. अजून कशालाही हात लावलेला नाही.”

“बरं. फरशी कुठल्या रंगाची घातलीत?”

“फिकट पिस्ता,” मास्तर म्हणाले, आणि कोणी न सांगताच शेजारच्या खिडकीकडे वळले.