सव्वासातची बाटली

तलावाजवळच्या शाळेतली शिक्षिका विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. तिच्या पुढे पालिकेचे साहेब आणि नमुने गोळा करणाऱ्या बाई दबक्या आवाजात भांडत होते.

"पावसाची सर सुरू झाली तशी ही बाटली सव्वासातला भरली, साहेब, नाला तलावात पडतो तिथेच. रस्त्यांवरची सगळी घाण तेव्हाच वाहून येते."

"म्हणूनच ती ओतून टाका. नऊची द्या. बघा कशी नितळ आहे."

"दोन तास धुतल्यावर कुणाचंही तोंड नितळच दिसेल."

"जीभ आवरा. उद्यापासून तलाव पोहायला खुला करायचाय."

"पोरं उतरणार त्यात."

"तुमचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, ते आधी आठवा."

"आठवतंय की. मग अर्जावर फक्त नऊची वेळ तुम्ही लिहा, खाली सहीही तुमचीच."

"मी कशाला? नमुना तुम्ही घेतलाय."

"मग कुठला द्यायचा तेही मीच बघते."

खिडकी उघडली. "बाटल्या किती?"

"एक," साहेब म्हणाले.

बाईंनी दोन्ही फळीवर ठेवल्या. साहेबांचा हात सव्वासातच्या, काळ्या पाण्याच्या बाटलीकडे गेला, तशी शिक्षिका मध्ये घुसली.

"ओ साहेब, रांग आहे ना? बाईंचं होऊ द्या आधी."