मागच्या दारानं पाहिलेली नोकरी

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो, उत्तराची घाई करू नका. जीव चौऱ्याऐंशी लक्ष योनी हिंडतो, तेव्हा कुठं माणूस होतो, असं आपण म्हणतो ना? मग माणसाचं पोर शिकून बाहेर पडलं आणि चार महिने चार कामं बघत हिंडलं, तर त्याला रिकामटेकडं का म्हणता? — त्या मागच्या काकू हसल्या. म्हणजे घरात एक आहे!

तर एका गावात होते आबा पिसाळ. त्यांचा मुलगा शार्दूल, नुकताच बी.कॉम. झालेला. आबांच्या ओळखीनं हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात मॅनेजरच्या हाताखाली जागा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं! आबांनी गावभर पेढे वाटले. पोराला विचारलं, "खूश ना?" पोरानं मान खाली घातली. आबा म्हणाले, "लाजलं!"

आता त्या घरात होती आबांची बहीण, सोनाआत्या. निम्म्या तालुक्याची लग्नं जमवलेली बाई! तिची एक रीत होती — स्थळ बघायला गेली की पुढच्या दारानं शिरायची नाही. म्हणायची, "पुढच्या दारी पोहे असतात, घर मागच्या दारी असतं." मागं धुणं धुणाऱ्या सुनेशी दोन शब्द बोलली, की तिला सगळं कळायचं.

तिनं शार्दूलला विचारलं, "घर पाहिलंस का?"

"कुणाचं, आत्या?"

"जिथं नांदायला चाललास, त्याचं."

"तिथं कोट देतात घालायला. काचेचं दार आहे."

बघा मंडळी! मुलगी कशी आहे विचारलं, तर हा सांगतो मांडव छान आहे!

रविवारी दुपारी आत्यानं त्याला हॉटेलच्या मागच्या अंगणात नेलं. तिथं मॅनेजर उलट्या डब्यावर बसून गार भात खात होता. कोट खिळ्याला. तेवढ्यात आतून गिऱ्हाईक ओरडलं — भाजी खारट आहे, बोलवा मालकाला! मॅनेजर हात धुऊन गेला, आणि त्याच गिऱ्हाइकाला हसवून परत आला.

आत्या म्हणाली, "त्रास होत नाही का हो?"

"छे, मावशी. दिवसात एखादं भांडण मिटवलं नाही, तर मला जेवण गोड लागत नाही."

इकडं शार्दूल पांढराफटक! का? अहो, घरी पाहुणे आले की हा परसात पळणारा! ते गेल्याची खात्री झाल्याशिवाय आत न येणारा! काम वाईट नव्हतं, मंडळी. फार चांगलं होतं. पण ते त्या मॅनेजरला चांगलं होतं.

येताना रस्त्यात रोपवाटिका लागली. आत्या म्हणाली, "आलोय तर हीपण मागनं बघू." पोरगं आत शिरलं, ते बाहेर येईना! कलम कसं बांधता, या रोपाला सावली का, ते पिवळं का पडलं — घरात 'हं'च्या पुढं न जाणारं पोर बोलतच सुटलं. आत्या कट्ट्यावर निवांत बसून राहिली. निघताना मात्र म्हणाली, "एका भेटीत होकार द्यायचा नसतो. चार दिवस इथं ऊन खा, हात मळव. आणखी दोन जागा बघ. अर्ज मग कर."

घरी आबा तापले. "पेढे वाटलेत मी! गावाला काय तोंड दाखवू?"

आत्या म्हणाली, "दादा, पेढे गावानं खाल्ले. नांदायचंय याला."

आबा खाली बसले. मग पोराकडं वळून म्हणाले, "तुला काय वाटतं रे?" आणि या खेपेला थांबले.

बऱ्याच वेळानं पोर म्हणालं, "मला भीती वाटत होती, आबा. तुम्ही एवढे खूश होता, म्हणून बोललो नाही."

मंडळी, मान खाली गेली म्हणजे पोर लाजलंच असं नाही. सोयरीक जमवताना आपण सात गावं पालथी घालतो, आणि पोराला जन्माच्या कामावर मात्र पाटी वाचून पाठवतो! त्याला हिंडू द्या, मागच्या दारानं बघू द्या. आणि आज घरी गेल्यावर एवढं करा — जेवायला बसलात की त्याला विचारा, 'तुला काय वाटतं?' विचारून झालं की उत्तर तुम्ही देऊ नका. देवापुढं तासभर हात जोडून बसता, पोरापुढं घटकाभर गप्प बसा.

चला, आता ज्याच्या घरी जो देव असेल, त्याचं नाव मोठ्यानं घ्या!