इतलंच पुरे, अक्का

मी मूळचा साक्रीकडचा, भाऊ, तिकडच्या एका खेड्यातला. घरात बठ्ठी, म्हणजे सगळी, अहिराणी, मराठी म्हणजे शाळेच्या पुस्तकातली. वकिली शिकायला धुळ्याला आलो तर पोरं माझ्या बोलण्याला हसायची, म्हणून मी अहिराणी सोडलीच. एकदा आई भेटायला आली, भाकरी बांधून, कसा शे रे म्हणाली, आणि मी चारचौघांत तिला म्हणतो, मी बरा आहे, आपण बसा. आपण म्हटलं मी आईला. ती दुपारच्या एसटीनं परत गेली.

मग सनद मिळाली, जळगावात आलो आणि घरमालक-भाडेकरूच्या दाव्यांत पडलो. तीस वर्षं तेच. जो आधी येईल त्याचं वकीलपत्र. आणि काय सांगू तुम्हाला, जिची लाज वाटायची ती बोली कोर्टात कामाला आली. खेड्यातलं माणूस पिंजऱ्यात उभं राहिलं की बावरतं, वकिलानं पढवलेलं तेवढंच बोलतं. पण मी उलटतपासणीत अहिराणीत विचारलं की त्याला वाटायचं हा तर आपला माणूस, मग पढवलेलं विसरून घडाघडा खरं सांगायचं. बाररूममध्ये म्हणायचे, नाना, तुमची अहिराणी म्हणजे गळाला लावलेलं पीठ. मला अभिमान होता त्याचा, खोटं कशाला बोलू.

तर जळगावातल्याच मेहरूणची एक अक्का होती. दोन खोल्या भाड्याच्या, अडतीस वर्षं राहिलेली, नवरा तिथंच गेला, उडदाचे पापड लाटून एकटी राहायची. घरमालकाला ती जागा मोकळी हवी होती आणि मी त्याचा वकील. कायदा असा, की भाडेकरूनं सबळ कारण नसताना सहा महिने घर बंद ठेवलं तर मालकाला ताबा मागता येतो. सबळ कारण नसताना, हे लक्षात ठेवा, सगळं तिथंच आहे.

अक्का पिंजऱ्यात आली. तिच्या वकिलानं तिला पढवलेलं, की मी येऊन-जाऊन होते असं सांगा. मी हळूच विचारलं, अक्का, घरले कुलूप लाईसन कोठे गयथी तू? तिचा चेहरा असा खुलला, भाऊ. म्हणाली, आंडेरकडे गयथी ना, साक्रीले, आठ महिना व्हती तठे. तिले... एवढं म्हणाली आणि मी म्हटलं, इतलंच पुरे, अक्का.

आंडेर म्हणजे लेक, आणि त्या लेकीला काहीतरी झालं असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर थांबवलं. ते कारण तिच्या वकिलानं कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहिलं नव्हतं, फेरतपासणीला तो उठलाही नाही. अक्का पिंजऱ्यातून उतरताना मला म्हणाली, सुखी ऱ्हाय भाऊ. दावा आम्ही जिंकलो, अपिलात जायची तिची ताकद नव्हती. माझ्याच तिकडची बाई, आणि मी तिला माझ्या आईच्या बोलीत बेघर केलं. कायद्यानं मी चुकलो नाही, पण ते सांगून मन ऐकत नाही.

मागच्या महिन्यात साक्रीला गेलो होतो, तिच्या लेकीचं घर विचारत विचारत. लेक काठी धरून चालते. अक्का ओट्यावर बसली होती, तिनं मला ओळखलं, चहा दिला. वाईटसाईट एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, तू माले पुरं बोलू दिधं नही रे भाऊ.

मी म्हटलं, आते सांग, अक्का.

मग तिनं सांगितलं. लेक माळ्यावरून पडली, कंबर मोडली, पदरात दोन लहान लेकरं, जावई ऊसतोडीला गेलेला. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, आठ महिने. मी एकदाही मधे बोललो नाही. सबळ कारण होतं, भाऊ. चहा पुरा गार होऊन गेला.

आता मी नवीन दावे घेत नाही. जुन्या दाव्यांत उलटतपासणीला उभा राहिलो की ती बोली तोंडात येतच नाही.