बांध माझ्याकडं आला

माझं माहेर मुरबाडचं, म्हशाच्या अलीकडं, आणि दिली मला इकडं शहापुरात, डोळखांबच्या डोंगराखाली. तेव्हा मोठी लढाई चालू होती, दुकानात तांदूळ नाय, घरचं खाचर पिकलं तरच वर्षभर भात. पण भाद्रपदातलं खाचर, काय सांगू तुमाला, नुसतं जितं असतं. बेडकाची पिल्लं उड्या मारतात, नदीतनं चढलेली बारीक मासळी भाताच्या बुडात शिरलेली, वर चतुर उडतात, आणि भात पोटरीला आलेला, म्हणजे लोंबी पोटात धरलेली. पोटुशी बाईच ती, तेव्हा तिला पाणी कमी पडू द्यायचं नाय.

आणि तेव्हाच आमचं पाणी जायाला लागलं. सांजचं भरलेलं खाचर, सकाळी चिखल उघडा. खालचं खाचर धाकल्या सासऱ्याचं, ते तुडुंब. माझा सासरा बोलला, हाच रातीचा बांध फोडतो नि परत लिंपतो. धाकला बोलला, दादा, मी काय चोर हाय काय. सख्खे भाऊ, आणि एक दिवस सासरा कोयता घेऊनच बांधावर गेला, धाकला खाली त्याच्या खाचरात होताच. मागं सासू, सासूच्या मागं मी.

बघते तर बांधाच्या खालच्या अंगाला एक बगळा, आमी एवढी माणसं आलो तरी हालंना, एकाच जागी चोच मारतोय. माझ्या डोक्यात एकदम आलं, तिथनं मासळी बाहेर पडते, म्हणजे पाणी पण तिथनंच जातंय. पण सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नाय, अशी रीत. सासूच्या कानात सांगितलं, ती बोलली, गप गो. मग मी लुगडं खोचलं, वरच्या खाचरात उतरले, बगळ्याच्या समोरच बांधाच्या पोटात हात घातला, तो गेला खांद्यापर्यंत, आणि आतल्या खेकड्यानं बोटच धरलं. तसाच ओढला बाहेर, बोटाला लटकलेला, आणि ओरडले, "मामा, हा बघा तुमचा चोर."

मग धाकला बोलला, दादा, कोयता आणलाय तर ह्याचाच न्याय कर. आणि दोघं जे हसाय लागले ते थांबंनात. बीळ मी पाण्याच्या बाजूनं गवत-चिखल कोंबून बुजवलं, बाहेरनं बुजवलं तर टिकत नाय.

लोंब्या निसवल्या, दसऱ्याला खाचर पिवळं झालं, चिमण्या थव्यानं उतरल्या, त्या हाकलाय दोघं भाऊ राखणीच्या एकाच माळ्यावर. सासरा सासूला बोलला, बांध आता सूनबाईकडं. तेव्हापासून माझ्याकडंच. आता कंबर वाकली, तरी भाद्रपदात मी निघते. नातसून बोलते, आजी, पडशील. पडले तर चिखलातच पडेन गो, तू पण चल, हात घाल, घाबरू नको.