ळचं पोट

डोळ्यांच्या दवाखान्यात यमुताई नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी दुकानांच्या पाट्या रंगवणारे धोंडबा पेंटर आपल्या नातीवर, नंदिनीवर चिडले होते.

"मले नाही करायचं ऑपरेशन. हात थरथरते, पाट्यायचं काम फ्लेक्सवाल्यायनं नेलं. डोळे घेऊन काय करू?"

"आबा, मोबाईल पाहा. तुमच्या जुन्या पाट्यायचे फोटो काढून मी कॉम्प्युटरवर एकेक अक्षर उतरवून राहिली."

"एवढं महागाचं सॉफ्टवेअर कोणं घेऊन देलं?"

"इंकस्केप फुकट आहे. जगभरचे लोक मिळून बनवते आणि वाटते."

"फुकट? काहून?"

"तुम्ही आपल्या महाल वस्तीतल्या पोरायले ब्रश धरणं फुकटात काहून शिकवलं?"

धोंडबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"हे अंधुक दिसून राहिलं. कोणतं अक्षर आहे वं?"

"ळ. त्याचं पोट तुमच्यासारखं जमतच नाही. तुम्ही पाहून सांगसान तर सगळे अक्षरं पुरे होतीन. मंग त्यायचा फॉन्ट बनवून आपणही फुकट वाटू. गावोगाव पाट्यायवर तुमचंच अक्षर."

नर्सने धोंडबांचं नाव पुकारलं. यमुताईंनी पाय जवळ घेऊन वाट दिली. दाराशी पोचलेले धोंडबा वळले.

"नंदे, मी डोळे घेऊन येईपर्यंत त्या ळले हात नको लावू."