कतल्याचं तोंड वरतं काऊन?

नाई, मले एक सांगा, माणसानं चौदा वर्सं सातवीले विज्ञान शिकवावं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे लोक लग्नाच्या पंगती झोडून राह्यले असताना यानं घरी थर्माकोल कापत बसावं, अडीच फुटाचा मासा बनवावा, कल्ल्यांच्या जागी निळे बल्ब, हृदयाच्या जागी लाल बल्ब, बटन दाबलं का सारं लुकलुक... आन् पोट्टीनं त्या माशाकडं पाहून म्हणावं, "सर, याचं तोंड चुकलं"? जळन नाई तं काय करन माणूस?

मी आमच्या राजदीप सराचं सांगून राह्यलो. मी बाजूच्या वर्गात इतिहास शिकवतो, मधात फटी पडलेलं लाकडी पार्टिशन, तं माह्या पानिपतात त्याचं विज्ञान आयकू येते आन् त्याच्या विज्ञानात माह्या तोफा. शाळा नागभीडच्या इकडं, तलावाच्या पाळीले लागून. सर माणूस भल्ला चोख. 'सजीवांतील रचना व कार्य' शिकवायचं म्हटलं का रचना पांढऱ्या खडूनं, कार्य पिवळ्या खडूनं, मधात बाण. पंख, बाण, उडणं. कल्ले, बाण, श्वास. चौदा वर्सं थोच बाण, सरळ, पट्टीनं आखल्यावानी.

तं त्या दिवशी दिव्यानी उभी झाली. दुसऱ्या बाकावरची, दोन वेण्या, बोलणं मोजकं. विचारते, हा रोहू हाय का कतला? सर वर्गात पुस्तकातलं बोलते, म्हणे, "हा मासा आहे." तं म्हणते, कतला असन तं तोंड चुकलं सर, कतल्याचं तोंड वरतं असते, थो पाण्याच्या वरच्या थरातलं खाते ना, आन् मिरगलचं खालतं, थो तळचं खाते. सरानं विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे?

"भागीरथाबाईनं सांगतलं."

आता भागीरथाबाई म्हणजे कोण, तं आमच्या शाळेत खिचडी शिजवते थे. ढिवराच्या घरची, तलावावर वाढलेली, आन् रविवारी बाजारात मासे घेऊन बसते. शाळा किती शिकली म्हणान तं तिसरीपर्यंत. सरानं सांगून टाकलं का हे अभ्यासक्रमात नाही, आन् दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला. मी पाह्यलं, चेहरा उतरत गेला. भागीरथाबाईचं बरोबर निंघालं. चुकीचं निंघालं असतं तं माणूस हसून मोकळा झाला असता जी, बरोबर निंघालं थेच दुखनं.

मंग जे सुरू झालं, विचारू नका. सर बदकाच्या पायावर आला का पोट्टे आधीच सांगते, बोटांमधात कातडं हाय, वल्ह्यावानी. कोणं सांगितलं? भागीरथाबाईनं सांगतलं. बगळ्यावर आला, लांब पाय, पंख भिजत नाई, भागीरथाबाईनं सांगतलं. सर बाण काढाले खडू उचलन, तं इकडं बाण जाऊन लागलेला! घरी गेला तं साक्षीवहिनीनं रोहूचा रस्सा केलेला. यानं ताटावर बसूनच विचारलं, मासा कोणाकडचा? वहिनी म्हणे भागीरथाबाईकडचा, दुसरं कोण साफ करून देते एवढं. सर वरणभात खाऊन उठला. रोहूवर राग! त्या रोहूनं काय केलं होतं?

आन् रविवारी हा माणूस डोक्याले दुपट्टा गुंडाळून बाजारात गेला. चोरून पाहाले. मले घेऊन गेला, म्हणून मले माहीत. आम्ही मिरचीवाल्याच्या मागं उभे, ठसक्यानं डोळ्याले पाणी, आन् समोर भागीरथाबाई विळीवर बसलेली, आन् तिच्या भोवती आमची अर्धी सातवी उकिडवी. बाईनं रोहूचं आतडं काढलं आन् केळीच्या पानावर लांबवलं... लांबवलं... संपतच नाई. मंग मरळीचं काढलं, तं वीतभर. म्हणे, सांगा काऊन? दिव्यानी म्हणते, मरळ मासे खाते, मांस लवकर पचते. रोहू पाण्यातला चिला-पाला खाते, त्याले टाइम लागते, म्हणून रस्ता लांब. आन् तिच्या बाजूचं पोट्टं कंपासपेटीतली पट्टी काढून त्या आतड्याची लांबी मोजून राह्यलं, आन् वहीत लिहून राह्यलं.

सराले आतड्याचं नाई लागलं. पट्टीचं लागलं. "तीन वर्सं झाले," मले म्हणते, "पट्टी आना, पट्टी आना म्हणून घसा कोरडा केला. एकानं आनली नाई." आता मिरचीचं पाणी कोणतं आन् दुसरं कोणतं, मी काई विचारलं नाई. जळन नाई तं काय करन माणूस?

पण जळता जळता माणूस वाकडं पाऊल टाकते, थे टाकलं. सोमवारी हेडमास्तर वामनरावाकडं अर्ज. स्वयंपाकखोलीत विस्तव असतो, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तरी त्यांना तिकडे थांबू देऊ नये. वामनरावाले सुरक्षितता म्हटलं का घाम फुटते, त्यानं लगेच स्वयंपाकखोलीच्या आन् वर्गाच्या दारावर सूचना चिकटवली. भागीरथाबाईले थे दिव्यानीनंच वाचून दाखवली. बाईनं डाव घेतला आन् खिचडी वाढत राह्यली, खाली पाहून. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. आधी पोट्ट्यांले नावानं हाका मारत होती, आता फक्त ताट पाहे.

आन् इकडं सातवीत एकदम शांतता. कोणी मधात बोलत नाई, कोणी तोंड चुकलं म्हणत नाई. सरानं बाण काढले, पोट्ट्यानं उतरवले. पार्टिशनच्या इकडं मले माह्याच तोफा मोठ्या वाटाले लागल्या. पंधरा दिवसानं सर मले म्हणे, "वर्ग चांगला झाला ना आता?" मी म्हटलं, हो. माणूस मनातलं विचारते, तं आपण काय सांगावं?

मंग आल्या विस्तार अधिकारी मॅडम, तपासणीले. सरानं मॉडेल झाकून ठेवलेलं, कपडा काढला, बटन दाबलं, तं लाइनच नाई. मॅडमनं विचारलं, रचना आणि कार्य म्हणजे काय? सातवीनं एका सुरात व्याख्या म्हटली, पाढ्यावानी. मॅडम म्हणे, छान, आता पुस्तकाबाहेरचं उदाहरण द्या. कोणी हलन तं शपथ. चाळीस डोळे बाकावर. सर घामानं निथळला.

तवा दिव्यानी उभी झाली. मॅडमकडं नाई, सराकडं पाह्यलं तिनं. हळूच विचारलं, "सर, सांगू का? नाव नाई घेत कोनाचं."

मले पार्टिशनच्या इकडं आयकू आलं आन् माह्या हातातला खडू थांबला. लेकरानं पाच-सात शब्दांत सारा अर्ज वाचून दाखवला होता त्याले. सर मंग बोलला, आन् आयुष्यात पहिल्यांदा वर्गात घरच्या बोलीत बोलला. "सांग. नावासगट सांग."

मंग काय, सातवी सुटली. कतला, मिरगल, आतडं, बदक, बगळा, आन् प्रत्येकाच्या मागं भागीरथाबाईनं सांगतलं, भागीरथाबाईनं सांगतलं. मॅडमनं तिले बोलावून घेतलं. बाई पदराले हात पुसत दारातच उभी, आत येईना. सूचना दारावर होतीच. सर उठून गेला आन् तिले आत घेऊन आला. म्हणे, बाई, माहं चुकलं. सारा वर्ग आयकून राह्यला.

बाईनं मान हलवली फक्त. मंग म्हणे, "सर, मले एक सांगा. मरळ पाण्याभायेर काढली तं घंटा-घंटाभर मरत नाई. रोहू लगेच जाते. थे काऊन? मले लहानपणापासून नाई समजलं."

आन् हे सराले येत होतं! त्यानं फळ्यावर मरळीचं डोकं काढलं, कल्ल्यांच्या वरतं पोकळी काढली, तिच्यात रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं, म्हणे मरळ वर येऊन हवेचा घोट घेते आन् इथी साठवते, नुसत्या कल्ल्यांवर नाई जगत थे. बाई फळ्याजवळ येऊन पाहत राह्यली, म्हणे, म्हणून तिचं डोकं चिरलं का थे खोली दिसते होय. चौदा वर्सांत पहिल्यांदा कोणी सराले अशी गोष्ट विचारली होती का जिचं उत्तर विचारणाऱ्याले खरंच पाहिजे होतं. बाण काढाले विसरला सर.

आता तुम्ही म्हणान जळणं गेलं. कुठी जाते जी? कमी झालं, बस. आता दर रविवारी सर पोट्ट्यांसंगं बाजारातच बसते, बाईच्या बाजूले, दुसरी विळी घेऊन. परवा एक गिऱ्हाईक आलं, दोन किलो रोहू, साफ करून द्या म्हणे. बाई दुसरीकडं गुंतलेली, सरानंच घेतला मासा. खवले काढत काढत खवल्यांचं कार्य सांगतलं, परांचं सांगतलं, आतडं बाहेर आलं तं थे लांबवून दाखवाले लागला. तवरक बाईचे तीन गिऱ्हाईक घरी पोचून फोडणी टाकून राह्यले असतीन. शेवटी थो माणूस म्हणे, "भाऊ, मले मासा पाहिजे, सातवी पास नाई करायची," आन् पिशवी उचलून बाईच्या रांगेत जाऊन उभा झाला.

सर त्या रांगेकडं पाहत राह्यला. मले म्हणे, "घ्या. गिऱ्हाईकही तिचंच."